दुसरीच्या पुस्तकाचं पान

९ जानेवारी १९६२, मंगळवार

चोरी सापडली! चोर अजून सापडायचा आहे.

गूळ आणायला काळूरामच्या दुकानात गेले, तर भिंतीवरून त्याची आई माझ्याकडे बघत होती. मेलेली आई! दोन वर्षं झाली तिला जाऊन. काळ्याकुट्ट जाड रेघांनी काढलेली, छापील पानावर. मागे सगळं पंचांग — तिथी, नक्षत्र, राहुकाळ — आणि त्यावर म्हातारी. गालावर आमच्या शाळेचा गोल शिक्का!

दिवाळीत शाळा तपासणाऱ्या साहेबांचा हुकूम आला की वाळवीने खाल्लेली पुस्तकं निकालात काढा. मी डोळे पुसत पुसत दोन पोती काळूरामला रद्दीत दिली होती. ती पुड्या बांधायला. तोंडं काढायला नव्हे.

भांडायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कारण ती तीच होती. तराजूच्या काट्याकडे बघताना खालचा ओठ दातात धरायची ना, तो ओठ तसाच. मला वाटलं आता म्हणेल, "काय गो बाई, सुटं हाय का?"

काळूराम म्हणाला, "त्यानं आईला कवा बघितलीच नाय. मी नुसती सांगितली. त्यानं काढली."

गूळ आणायचा राहिला तो राहिलाच.

११ जानेवारी, गुरुवार

चोराचं नाव हिरामण. शाळेसमोरच्या राहीवहिनीचा भाऊ, उरणकडचा. चाळिशीचा असेल. मुंबईच्या गोदीत खोक्यांवर नंबर आणि खुणा घालायचा. पाठीवर खोका पडला, कंबर गेली, म्हणून दिवाळीपासून बहिणीकडे येऊन राहिलाय.

शाळा सुटल्यावर तावातावाने गेले. म्हटलं, पुस्तकाचं पान म्हणजे सरस्वती, तुम्ही त्यावर रेघोट्या काय मारता! तो उठून उभा राहिला — कंबर धरून — आणि म्हणाला, "बाई, मना वाचता येत नाय."

गोदीत दहा वर्षं इंग्रजी अक्षरं काढली, एक वाचता येत नाही! नुसते आकार बघून काढायचा. चूक एकदाही नाही, म्हणे.

ज्याने काढतो ती कांडी दाखवली. बोटाएवढी जाड काचेची कुपी, तोंडाला नमद्याचा बोळा, आत शाई. मार्कर म्हणतात. कुठल्या परदेशी बोटीवरच्या माणसाने दिलेली. वास असा की डोकं भणभणतं. बोटाला लागली की आठवडाभर जात नाही. एकच आहे आणि अर्धी संपलीय.

"कोरा कागद आणून देऊ का?" मी विचारलं. कशाला विचारलं कोण जाणे. गेले होते भांडायला.

"नको. कोऱ्या कागदावर मानूस एकटा पडतो. हितं कशी बोलाचाली चाललेली असते. त्यात त्याला बसवला की झालं."

वाचता न येणारा माणूस हे बोलला. मी सात यत्ता आणि वर ट्रेनिंग करून बसले आहे.

१४ जानेवारी, रविवार. संक्रांत

आईला यंदा तीनच घरी हळदीकुंकवाला बोलावलं. मागच्या वर्षी पाच होती.

बायकांचा तरी काय दोष? त्यांना कळत नाही तिला काय समजायचं. कोणी उघड म्हणत नाही. ती रुपयाएवढं कुंकू लावून दारात बसते. बोलावणं आलं तर जाते. आलं नाही तर वाल सोलते.

एकदाचं लिहून ठेवते. बाबा सत्तेचाळीस साली बोटीत होते. मुंबईहून रेवसला यायला निघालेली, गटारीच्या दिवशी, ती बोट. मी सात वर्षांची. बाबा मुंबईला गिरणीत, सणाला घरी येत होते. बोट बुडाली. आमच्या आसपासच्या गावांत चूल पेटली नाही. दुसऱ्या दिवसापासून किनाऱ्याला माणसं लागायला लागली. आई एकटी गेली बघायला. दोन दिवस फिरली. परत येऊन म्हणाली, "सगली बघितली. एकेक तोंड बघितलं. तो त्यात नाय." आणि कुंकू पुसलं नाही.

बारा वर्षं वाट बघायची रीत आहे. मग दर्भाचा पुतळा करून अग्नी देतात. बारा वर्षं झाली तेव्हा येसाजीकाका भटजींना घेऊन आले. आईने दर्भाची जुडी उचलून गोठ्यात टाकली. "गाय खाल," म्हणाली. त्याला आता तीन वर्षं होतील.

१७ जानेवारी, बुधवार

पोरांना शुद्धलेखन घातलं आणि खिडकीतून राहीवहिनीच्या पडवीकडे बघत बसले. लाज वाटते.

२१ जानेवारी, रविवार

आज समोर बसून बघितलं.

कोंडाजीबाबा आले होते. त्यांची बायको जाऊन वीस वर्षं झाली. फोटो कुठला! हिरामण नाक कसं, डोळे कसे, असलं काही विचारतच नाही. विचारतो, "हसायची तवा तोंडावर हात घेयाची का? रागावली की कुठं बघायची? तुमाला हाक कशी मारायची?" कोंडाजीबाबा ऐंशीचे. लाजले! म्हणाले, "हाक मारायचीच नाय. भांडं आपटायची."

मग त्यांच्या मुलीला समोर बसवलं. नातीला बसवलं. एकेकीकडे कितीतरी वेळ बघितलं. आणि कानापासून सुरुवात केली. कानापासून!

"आधी कान का?" मी विचारलं.

"कान बदलत नाय बाई. मानूस म्हातारा झाला, रोड झाला, तरी कान तोच."

कानातून रेघ निघाली ती हनुवटीखालून फिरून दुसऱ्या कानाला गेली, कांडी न उचलता. थांबला तर शाई पसरते, म्हणून थांबत नाही. त्रैराशिकाचं पान होतं. कोंडाजीबाबांना वीसच्या पुढे मोजता येत नाही आणि त्यांची बायको त्रैराशिकातून वर आली. आधी नुसत्या रेघा होत्या. मग डोळ्यांत दोन ठिपके दिले आणि ती बघायला लागली. कोंडाजीबाबा उभे राहिले. पागोटं नीट केलं. बायकोसमोर कसं बसायचं हे त्यांना कळेना. शेवटी म्हणाले, "हिला सांगा, म्हैस विकली मी."

कोणी हसलं नाही. मी तर देवळात उभी राहावी तशी उभी होते.

शाई पानातून आरपार जाते. उलटून बघितलं तर मागेही म्हातारी, फिकट, दुसऱ्या बाजूला बघणारी.

२५ जानेवारी, गुरुवार

काका पोयनाडहून आले. सदाच्या घरचे वैशाखात आमचं लग्न करायचं म्हणतात. मुलगा मास्तर आहे, माणसं बरी आहेत, मला काही तक्रार नाही. अडलंय कुठे? पत्रिकेवर! बाबांच्या नावामागे काय छापायचं?

काका म्हणतात कै. आई म्हणते श्री.

"वयनी, लोक हसतील."

"हसू द्या. तुमचा भाऊ आला म्हंजे तुमी काय तोंड दाखवाल?"

काका पानाची चंची विसरून निघून गेले. जाताना मला अंगणात म्हणाले, "पोरी, तुझी आई शहाणी हाय, पन ह्या एका गोष्टीत तिचं डोकं फिरलंय. श्री छापून तू सासरी गेलीस तर जन्मभर टोमणे खाशील." खरं आहे. आणि कै. छापलं तर आई मांडवात येणार नाही. तेही खरं आहे.

मला स्वतःला काय वाटतं? मला काही वाटायला बाबा आठवायला तर हवेत.

२८ जानेवारी, रविवार

माझ्याकडे बाबांचं काय काय आहे, मोजून पाहिलं. तंबाखूचा वास. मुंबईहून पाठवलेलं दुसरीचं पुस्तक. आणि उजव्या पायाची वाकडी करंगळी — आई म्हणते, "बापासारखी. चप्पल दोगांना कवा धड बसली नाय." तोंड नाही. डोळे मिटले की तोंडाच्या जागी काही नसतं.

आईला कधीही विचारलं की एकच उत्तर. मिशी! "मिशी होती. अशी! लिंबू ठेवला तर पडला नसता." नाक विचारा, मिशी. डोळे विचारा, मिशी. पंधरा वर्षांत तिच्याकडेही मिशीच उरली की काय?

आज धीर करून म्हटलं, हिरामणकडून बाबांचं चित्र काढून घेऊया.

"जित्या मानसाचं चित्र कशाला? येल तवा बघ."

मी वाल सोलत बसले. बरीच पाटी भरल्यावर तीच म्हणाली, "तुला खरंच आठवत नाय?"

"नाही."

"सात वर्साची व्हतीस गो."

"नाही आठवत, आई."

तिने हातातली शेंग न सोलताच पाटीत टाकली. म्हणाली, "बोलव त्याला."

४ फेब्रुवारी, रविवार

पुस्तकाचं पान मी फाडलं. मी! ज्या बाईने पान दुमडलं म्हणून पोरांचे कान पिळले, तिने दुसरीच्या पुस्तकाचं, बापाने पाठवलेल्या एकुलत्या एक पुस्तकाचं पान फाडून दिलं. वाटलं, बसायचंच तर बाबा तिथे बसू देत.

हिरामण आला. आईने आज नवं लुगडं नेसलं होतं आणि ते मला दिसलं नाही असं मी दाखवलं.

त्याने विचारलं, हसायचे कसे? आई म्हणाली, आधी खांदे हलायचे, मग आवाज यायचा. रागावले की? रागावायचाच नाय. घरात शिरताना काय करायचा? "उंबऱ्यावर थांबून आदी वरडून मना हाक मारायचा — ठमे, कोन आलाय बघ! जसा काय पावना."

हिरामण माझ्याकडे बघत होता. माझ्या कानाकडे. हात उचलला, कान काढला, रेघ खाली आणली — आणि थांबला. तो कधी थांबत नाही! शाई हनुवटीपाशी पसरायला लागली.

"वयनी, कुठं व्हता तो?"

"गिरनीत. मंग बोटीत. गटारीच्या."

त्याने कांडीला बूच लावलं. कंबर दुखते म्हणाला आणि निघून गेला. पानावर एक कान, अर्धा जबडा आणि हनुवटीखाली काळा डाग. बस्स.

८ फेब्रुवारी, गुरुवार

हिरामण पडवीत दिसत नाही. राहीवहिनी सांगते, पडून असतो, जेवत नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

गेले होते. त्याने भिंतीकडे तोंड केलं. "शाई संपली बाई." खोटं! कुपी उशाशी होती, धरली असती तर हिंदकळली असती.

आई रोज विचारते, "आला का?" जिला चित्र नको होतं ती!

२८ फेब्रुवारी, बुधवार

निवडणुकीच्या कामाने दहा दिवस खाल्ले. लोकांच्या बोटांना शाई लावून लावून माझीच बोटं काळी. काकांचा निरोप: पाडव्याच्या आत पत्रिका छापायला टाकायची आहे, काय ते ठरवा.

४ मार्च, रविवार

सगळं लिहून काढते. क्रमाने. नाहीतर मलाच खरं वाटायचं नाही.

सकाळी हिरामण आपणहून आला. कोणाला काही विचारलं नाही. तेच पान मागितलं. पडवीत बसला आणि काढायला लागला. ना आईकडे बघितलं, ना माझ्याकडे! हनुवटीखालच्या डागाची त्याने सदऱ्याची कॉलर केली. गाल आले. नाक आलं — माझं नाक. डोळे बारीक, हसताना होतात तसे. शाई संपत आली होती. कांडी झटकायचा आणि काढायचा. खांदेसुद्धा काढले, किंचित वर उचललेले. आणि मी, जिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं, मी ओरडले, "बाबा!" तोंडातून निघून गेलं. पंधरा वर्षं कुठे होतं हे तोंड माझ्यात? उंबरा दिसला. दारातला उजेड अडवून उभा राहिलेला माणूस दिसला.

आई पुढे झाली. बघत राहिली. म्हणाली, "तोच. तोच हाय गो." मग म्हणाली, "मिशी काढ."

हिरामणने कांडी खाली ठेवली.

"अरे मिशी ऱ्हायली. मिशीबगार तो नव्हंच."

"वयनी, त्याला मिशी नव्हती."

"तुला काय ठावं? मी त्याची बायको!"

"त्या दिसी नव्हती."

हिरामण जमिनीकडे बघत बोलला. त्याचं बोलणं आठवेल तसं लिहिते.

तोही त्याच बोटीत होता; हे बहिणीलाही कधी बोलला नव्हता. बहिणीकडे गटारीला यायला निघालेला, पंचविशीचा पोरगा. बोट हलायला लागल्यावर त्याला ओकारी आली. कठड्याला टेकून एक माणूस उभा होता, त्याने जागा दिली. "हितं ये, मोकला हो." स्वतः आत गेला, गर्दीत. त्या माणसाची सगळे चेष्टा करत होते. श्रावण लागायचा, महिनाभर वस्तरा लावायचा नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी न्हाव्याकडे बसला. न्हाव्याचा हात घसरला आणि एका बाजूची मिशी अर्धी गेली. अर्धी ठेवून करायचं काय? सगळी काढून टाकली. ओठ पांढराफटक दिसत होता. तो हात लावून लावून बघायचा आणि हसायचा. आधी खांदे हलायचे, मग आवाज यायचा.

"म्हनत व्हता, आज उंबऱ्यावर उभा ऱ्हातो आनि वरडतो, कोन आलाय बघ. ठमी काय मना वलखायची नाय."

बोट कलंडली तेव्हा हिरामण कठड्याशी होता, म्हणून बाहेर फेकला गेला. आतली माणसं आतच राहिली. कठड्याची जागा त्याची नव्हती. हे तो तीनदा म्हणाला. "ती जागा माजी नव्हती, वयनी." नाव माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं. फक्त तोंड. पंधरा वर्षं तेच एक तोंड डोळ्यांपुढे येत राहिलं आणि त्याच्या भीतीने तो दुसऱ्यांची तोंडं काढत राहिला. महिन्यापूर्वी आईने उंबऱ्याचं सांगितलं, तेव्हा कळलं कोणाच्या घरात बसलाय.

मला त्याचा राग यायला हवा होता का? आला नाही. मी त्याला पाणी दिलं. बाबांचं शेवटचं हसू या माणसाने इतकी वर्षं जपून आणलं आणि आमच्या पडवीत ठेवलं. एवढी मोठी गोष्ट माझ्या आयुष्यात दुसरी घडलेली नाही.

आई उठून आत गेली आणि भिंतीला टेकून बसली.

५ मार्च, सोमवार

आईने चित्र चुलीसमोरच्या फळीवर उभं करून ठेवलंय. त्याच्याकडे बघत नाही आणि त्याच्याकडे पाठही करत नाही.

६ मार्च, मंगळवार

वाल सोलते. जेवत नाही.

मी चित्र उलटून बघितलं. मागेही बाबा आलेत, फिकट. माझ्या धड्याच्या ओळींमधून हसतात. त्यांच्या वरच्या ओठावर आज सकाळी बोट ठेवलं. काही नाही तिथे. नुसता कागद.

७ मार्च, बुधवार

हिरामण उद्या उरणला परत जातोय. कुपी कोरडी झाली. रिकामी कुपी आईला द्या म्हणून माझ्या हातात ठेवली. आईने घेतली आणि देवाजवळ ठेवली.

९ मार्च, शुक्रवार

सकाळी आई विहिरीवरून आली तेव्हा कपाळ धुतलेलं होतं.

माझ्याजवळ बसली. म्हणाली, "येसाजीभावजींना सांग, पत्रिका छापा."

मग म्हणाली, "किनाऱ्यावं दुसऱ्या दिसी एक व्हता. अंगापिंडानं तसाच. मी त्याचं तोंड वलवून बघितलं. मिशी नव्हती. म्हटलं, ह्यो आपला नाय. फुडं गेले. त्याला कोनीच घेयाला आला नाय, लोकांनी तितंच जालला."

मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला आणि माझ्या उजव्या पायावर ठेवला.

"त्याच्या पायाची करंगली वाकडी व्हती, रतन. मी बघितली व्हती. म्हटलं, असतात एकेकाचे पाय."